हत्तीची बंडी

वस्ताद,

परवा सिरसाळ्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगत उठल्यावर पाय मोकळे करायला म्हणून बाजारात निघालो आणि चालत चालत त्या तेलाच्या पेढीसमोर येऊन थांबलो. पेढी आहे अजून. शेठजींचा नातू गादीवर बसतो, खताची पोती विकतो, मला ओळखत नाही. ओळखावं असंही काही नाही. ज्या जागी आपला मल्लखांब पुरला होता तिथं आता उसाच्या रसाचा गाडा उभा असतो. मी तिथल्या बाकड्यावर बसलो, रस मागवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "पाव्हणं, बरं न्हाई का?" मी म्हणालो, "लई बरं हाय." आणि खरंच बरं वाटत होतं. वाटलं, हे तुम्हाला सांगावं. तुम्ही जाऊन तीसएक वर्षं होऊन गेली. निजाम गेला, नवाबी गेली, दप्तरातली उर्दूसुद्धा गेली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांतलं कुणी उरलं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो काही खांबासाठी नाही. वडिलांच्या मनात मला पैलवान करायचं होतं. चौसाळ्याच्या तालमीत घेऊन गेले तर तिथले पैलवान माझे दंड चाचपून हसले. एक म्हणाला, "ह्याला पैलवान करायचा तर आधी माणूस करावा लागंल." वडील मान खाली घालून घरी आले आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी आईनं पितळेची भांडी देऊन मला तुमच्या दुकानी कल्हईला पाठवलं. तुम्ही भट्टीपुढं बसला होता, तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर उठत होता, आणि दुकानामागच्या अंगणात एक काळाभोर, तेलानं चकाकणारा खांब उभा होता. मी विचारलं, "ह्याला बैल बांधता का?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मग म्हणालात, "जा, चढून बघ." मी चढलो आणि घसरलो. पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. भांडी तयार होईपर्यंत माझं तेच चाललं होतं. निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "वजन न्हाई तुला. बरं हाय. खांबाला वजन आवडत न्हाई." माझ्या काटकुळ्या अंगाला कुणी बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी भांडी नसताना आलो.

मग ते रोजचंच झालं. सकाळी तुमचा भाता मारायचा, ऊन चढायच्या आधी खांब, मग शेतावर. तुम्ही खांबाला हात लावून बिस्मिल्ला म्हणायचात, मी बजरंगबलीचं नाव घ्यायचो आणि खांबाला दोन्ही चालायचं. तुमच्या कारभारीण, त्यांना मी अम्मा म्हणायचो, चुलीपाशी बसून आतूनच सगळं ऐकायच्या. मी घसरून आपटलो की त्यांच्या भाकरीची थाप थांबलेली कळायची, आणि मी हसलो की पुन्हा थाप सुरू. त्यांच्या हातची अंबाडीची भाजी मी तिथं जेवायचो. माझ्या आईला ते माहीत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त घरात शिरण्याआधी आडावर हातपाय धुवायला लावायची. शेजारच्या बाईनं एकदा टोचून विचारलं, तर आई म्हणाली, "पोराला जेवू घालनाऱ्या बाईला मी काय बोलू?"

एक रागावणं मात्र पक्कं आठवतं. गावच्या जत्रेत मी खांबावर खेळलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला चेव आला आणि मी वरूनच उडी घेऊन लोकांत उतरलो, पुष्कळ करायचं बाकी असताना. तुम्ही सगळ्यांदेखत माझा कान धरलात. "टाळी ऐकून उतरलास ना बे? खांब तुला उतर म्हनला व्हता का?" मला लाज वाटली, रागही आला. पण त्याच गर्दीत नगरकडचे एक शाळामास्तर होते, नातेवाइकांकडे आलेले. त्यांनी माझा खेळ पाहिला, तुमचं रागावणंही पाहिलं, आणि दोन्ही त्यांच्या मनात भरलं. पुण्याला त्यांच्या ओळखीचा आखाडा होता. तिथं दर फाल्गुनात मल्लखांबाचे सामने व्हायचे. गावोगावचे खेळणारे यायचे, पण आपल्या मोगलाईतून, निजामाच्या मुलखातून, कधीच कुणी गेलं नव्हतं. मास्तरांनी शब्द टाकला आणि महिन्याभरात निरोप आला, पोराला पाठवा, राहायची सोय करू, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

बाकीचं म्हणजे सगळंच होतं. नगरपर्यंत गाडी, पुढं आगीनगाडी, वाटेतलं खाणं, अंगावर धड कपडा. शिवाय सरावासाठी दूध-तूप पाहिजे, आणि फाल्गुन म्हणजे ऐन ज्वारीची काढणी. वडील तोवर वारले होते. थोरला भाऊ एकटा शेत सांभाळत होता. तो वाईट नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "तू खांबावर असशील, तवा कणसं कोन खुडंल?"  तुम्ही म्हणालात, "मागायला लागंल कुनाला तरी." ते म्हणताना तुमचा चेहरा असा झाला की तोंडात कडू गोळी ठेवलीय. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

पहिल्यांदा गेलो तलवाड्याकडच्या देशमुखांकडे. त्यांच्या पदरी पैलवान होते, लाल मातीचा हौद होता, पैलवानांसाठी म्हशी वेगळ्या बांधलेल्या होत्या. आपण आंब्याच्या बागेत त्यांच्यापुढं उभे राहिलो. सावलीत खाटेवर बसून ते ऊस सोलून खात होते. तुम्ही सलाम करून सगळं सांगितलंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अपमान असा केला नाही. म्हणाले, "वस्ताद, कुस्ती असती तर मी इचारलं बी नसतं, गाडी जुपली असती. पर मला एक सांगा, खांबाला हरवलं तर हरलं कोन?"

तुम्ही म्हणालात, "सरकार, ह्यात हरवायचं कुनाला नसतं. खांबावर साधायचं असतं."

"तेच म्हंतो मी. माझा पैलवान कुनाला तरी पाडतो, म्हनून लोक म्हंत्यात देशमुखाचा पैलवान. तुमचा पोरगा खांबावर चढला तर लोक म्हंतील, चढला." बाजूचे पैलवान हसले. मग ते माझ्याकडे वळले. "राहतो का इथं? पैलवानांची मालिश कर. खायला-प्यायला कमी पडनार न्हाई." मला खरं सांगायचं तर त्या क्षणी म्हशींचं दूध डोळ्यांपुढं आलं. पण तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा सलाम केलात आणि आपण निघालो.  त्यानंतर आणखी दोघा-तिघांकडे गेलो. एकानं सांगितलं की हे डोंबाऱ्याचं काम आहे. दुसऱ्यानं पाणी पाजलं आणि विषय बदलला. प्रत्येक घरी जाताना तुम्ही स्वच्छ धुतलेला अंगरखा घालायचात आणि परत आल्यावर तो घडी घालून अम्मांकडे द्यायचात, त्यांच्याकडे न बघता.

सिरसाळ्याच्या शेठजींचं नाव अम्मांनी सुचवलं. त्यांच्या माहेरची माणसं एरंडी विकायला तिथं जायची. शेठजी म्हणजे ठेंगणे, गोल, सतत घाम पुसणारे आणि सतत बोलणारे. एरंडीचं तेल काढून डब्यांत भरून विकायचे, आणि डब्यावर तांबड्या रंगाचा हत्ती. लोकांना वाचता कुठं येतं, हत्ती ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. बाजारात त्याच सुमारास दुसरी पेढी उघडली होती आणि तिच्या डब्यावर मोर होता. त्या मोरानं शेठजींची झोप उडवली होती. आपण खांबाचं सांगायला लागलो तसे ते गादीवर सरसावून बसले.

"म्हंजे खांबाला एरंडीचं तेल लावावं लागतं? रोज?"

"रोज," मी म्हणालो.

"आन पुन्याचे लोक बघनार? हजारो?" त्यांच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं कोण जाणे. त्यांनी तिथल्या तिथं सगळं ठरवून टाकलं. वाटखर्च त्यांचा, तुपाचं मडकं त्यांचं, भावाच्या शेतावर काढणीला दोन गडी त्यांचे. आणि त्यांची मागणी दोन गोष्टींची. एक, पुण्याला जाण्याआधी सिरसाळ्याच्या बाजारात पेढीपुढं खांब पुरून खेळ करायचा. दुसरी, मला एक बंडी शिवून देणार, तिच्या छातीवर तांबड्या कापडाचा हत्ती, आणि ती बंडी पुण्याच्या मैदानात दिसली पाहिजे.

मी लगेच हो म्हणालो. इतका पटकन की तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. शेठजींना तुमचा चेहरा दिसला असावा. ते हात जोडून म्हणाले, "वस्ताद, राग नका मानू. तुमच्या दुकानावर तुमी कल्हईचं भांडं टांगता ना, लोकांना कळावं म्हनून? तसंच हे."

तुम्ही उठलात. "शेठजी, मी भांड्याला कल्हई लावतो. मान्साला लावत न्हाई." आणि पायऱ्या उतरून चालू लागलात.

परतीच्या गाडीत तुम्ही तोंड फिरवून बसलात. बालाघाटाचे माळ मागं सरकत होते, मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. शेवटी तुम्ही म्हणालात, "हुनर तुझं हाय. बाजारात मांड न्हाई तर घरात ठेव. मला कावून इचारतो?" दुसऱ्या दिवशी अंगणाला आतून कडी होती. तिसऱ्या दिवशीही होती. मी आमच्याच शेतातल्या बाभळीच्या खोडावर सराव केला आणि मांड्या सोलून घेतल्या. रागात मनाशी म्हणत होतो, याला खायला मिळतंय म्हणून याला मान सुचतो. तसं काही नव्हतं, तुमच्या घरातही भाकरीला कोरड्यास नसायचं हे मला ठाऊक होतं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाला राग यायला कारण खरं असावं लागत नाही.

बाजाराच्या दिवशी मी सिरसाळ्याला एकटाच पोहोचलो. शेठजींनी ढोलकीवाला आणला होता, पेढीवर तोरण बांधलं होतं, आणि हमालांकडून पेढीपुढं खांब पुरून घेतला होता. साधाच सागवानी खांब, पण सरळ होता, तेवढं मी पाहिलं. नवी बंडी घातली. गर्दी मिरचीच्या ढिगांपर्यंत पसरली होती. मी बंडी काढून शेठजींकडे दिली, त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. लंगोटावर मी खांबाला हात लावला, चढलो, पायांची अढी घातली आणि डोकं खाली सोडलं. लोक ओरडले. मी वर सरकलो, खांबाच्या मानेपाशी आलो. तिथं मला काहीतरी हललेलं जाणवलं. वाटलं माझंच अंग थरथरतंय. आता खांबाच्या टोकाला, बोंडावर उभं राहायचं होतं.

"उतर बे!"

तो आवाज मी हजारांत ओळखला असता. मिरचीच्या ढिगामागून तुम्ही लोकांना बाजूला सारत येत होता, डोक्याला मुंडासं, अंगावर तोच धुतलेला अंगरखा. "उतर म्हंतो ना! उडी न्हाई, सरकत ये, हळू." मी सरकत खाली आलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. गुडघे टेकून बसलात आणि खांबाच्या बुडाशी बोटं घातलीत. काळी माती होती, वरून पाणी मारून घट्ट दिसत होती. तुमचा हात मनगटापर्यंत आत गेला. मग तुम्ही उभं राहून एका हातानं खांब ढकललात आणि तो हलला, सगळ्यांना दिसेल इतका. पुढं उभ्या असलेल्या बायका मागं सरल्या. शेठजींचा चेहरा पांढरा पडला. मी बोंडावर उभा राहून पहिला तोल टाकला असता तर खांब माझ्यासकट त्या गर्दीत गेला असता.

मला वाटलं, आता तुम्ही मला हाताला धरून घेऊन जाल. तुम्ही शेठजींना म्हणालात, "मुरूम लागंल. आन धोंडे." आणि मग भर बाजारात, लोक ताटकळत असताना, तुम्ही तो खांब उपसून काढलात, खड्डा खोल करवलात, धोंडे रचलेत, मुरूम घातलात, पाणी ओतून पहारीनं ठोकलंत. ढोलकीवाला कंटाळून विडी ओढत बसला. लोक ओरडत होते, "कवा व्हनार?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "व्हईल." कुणी गेलं नाही. उलट गर्दी वाढली, कारण मोराच्या पेढीवरची माणसंही बघायला आली. मग तुम्ही तेल मागितलंत. शेठजींनी हत्तीचा डबा फोडला. तुम्ही तेल तळहातावर घेतलंत, वास घेतलात, दोन बोटांत चोळून पाहिलंत, जसं तुम्ही नेहमीच करायचात, आणि कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, आपलं मला सांगायचं म्हणून मोठ्यानं म्हणालात, "तेल चोख हाय."

त्या तीन शब्दांचा काय परिणाम झाला ते तुम्ही पाहिलंच. ज्या माणसानं सगळ्या बाजारासमोर शेठजींचा खांब खोटा ठरवला, तोच तेल चोख म्हणतोय म्हटल्यावर लोकांना आणखी काय पाहिजे? दिवस मावळायच्या आत पेढीवरचे डबे संपले. आणि मी खेळलो. बोंडावर उभा राहिलो तेव्हा खाली तुम्ही खांबाला पाठ टेकून उभे होता, लोकांकडे तोंड करून, जसं काही खांब तुम्हीच धरून ठेवलाय.

परतताना मी विचारलं, "तुमी कावून आलात?" तुम्ही म्हणालात, "अम्मानं हाकललं. म्हनली, पोराची हाडं मोडली तर त्याला कल्हई लावनार का?" आणि हसलात. कडी कधी लावलीच नव्हती असं आपण दोघं धरून चाललो.

पुण्याला तुम्ही येणार नाही असं म्हणत होता आणि निघायच्या दिवशी गठुडं घेऊन गाडीत येऊन बसलात. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर गाडी थांबवली. तिथल्या कारकुनानं गठुड्यातला तेलाचा डबा धरला, म्हणाला, माल बाहेर नेताय, महसूल लागेल. तुम्ही त्याला उर्दूत खांब म्हणजे काय, तेल कशाला, पुण्यात काय आहे, सगळं इतकं सविस्तर सांगितलंत की तो कंटाळून म्हणाला, "जाओ मियाँ, जाओ." नाक्यापलीकडे लिंबाखाली आपण भाकरी सोडली. तिथं तुम्ही पहिल्यांदा स्वतःचं सांगितलंत. तुमच्या उमेदीत हैदराबादेहून तुम्हाला बोलावणं आलं होतं, एका मोठ्या दरबारी जलशात खेळायला. तुम्ही दारोदार फिरलात. कुणी उभं केलं नाही. बोलावण्याचा दिवस आला आणि गेला, त्या दिवशी तुम्ही दुकानात बसून लोकांच्या घागरी झळकवत होता. "मागून मागून तोंड दुखलं बेटा. मग मीच म्हनायला लागलो, मला नगं. हुनर इकायचं नसतं. लोक म्हनले, वा, काय मानी मानूस!" कांद्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवत तुम्ही म्हणालात, "तुला कुनीतरी देतंय म्हटल्यावर माझ्या पोटात दुखलं. तेलाचं, हत्तीचं काई न्हाई. ते दुखलं."  तुम्ही उत्तराची वाट पाहिली नाहीत. पाणी प्यालात आणि गाडीवाल्याला हाक मारलीत. तुमच्या आवाजात मात्र, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा असतो तसा मोकळेपणा होता. पुढं नगरपर्यंत तुम्ही गाडीवाल्याशी गप्पा मारत होता.

पुण्याचं मैदान आठवतं ते आवाजानं. इतकी माणसं मी कधी एकत्र ऐकली नव्हती. सामने सुरू व्हायच्या आधी आखाड्याच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. बंडीवरच्या हत्तीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय? इथं दुकानदारी चालणार नाही. खेळाडूनं लंगोटावर यायचं." बाजूची मुलं हसत होती, हत्ती आला, हत्ती आला म्हणत होती. मी बंडी काढली खरी, पण हातात धरून तसाच उभा. शेठजींना शब्द दिला होता. मैदानात दिसली पाहिजे. दोन गडी त्या दिवशीही भावाच्या शेतात कणसं खुडत असतील. माझं मन असं दुभंगलं की खांबाकडे लक्षच लागेना.

तुम्ही येऊन बंडी माझ्या हातातून घेतलीत. मुंडासं सोडलंत, अंगरखा काढलात आणि ती बंडी स्वतःच्या अंगात घालायला लागलात. माझ्या मापाची होती. खांद्याला अडकली, तुम्ही श्वास सोडून ओढलीत, एक शिवण उसवली. पण बसली. पांढरी दाढी, उघडे काळे दंड, आणि छातीवर तांबडा हत्ती, पोटावर ताणून जास्तच फुगलेला. ते गृहस्थ पुन्हा आले. "अहो, हे काय?"

"साहेब, मी खेळाडू न्हाई. मी तेल लावनारा." तुम्ही शांतपणे म्हणालात. "आन हा हत्ती आमचा अन्नदाता हाय. ह्याच्या जिवावर आलो. त्याला भाईर उभं करून आत कसं येऊ?"

 ते गृहस्थही हसले, पण वेगळं, आणि म्हणाले, "उभे राहा."

तुम्ही त्या भरल्या मैदानात छाती पुढं काढून खांबाजवळ उभे राहिलात. लोक हसत होते. मी बघत होतो, तुमच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. देशमुखांच्या बागेत होता, शेठजींच्या पायऱ्यांवर होता, इथं नव्हता. तुम्ही मला मानेनंच खूण केलीत, चढ. त्यानंतर काय केलं ते मला सलग आठवत नाही. खांब थंड होता, चांगला होता. एकदा डावा हात सुटला आणि मी पायांवर तोललो. टाळ्या झाल्या तेव्हा उतरलो नाही. माझं सगळं संपेपर्यंत वर राहिलो आणि मग सरकत खाली आलो. तुम्ही पहिल्यांदा माझी बोटं पाहिलीत, मग पावलं, आणि मग म्हणालात, "पानी पे."

पहिला आलो नाही. पुण्याचाच एक खेळाडू आला, आणि तो माझ्याहून चांगला होता, तुम्हीच त्याची पाठ थोपटलीत. मला दुसऱ्या नंबरचा फेटा मिळाला. त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथंच दिलं. म्हणाले, "आणि तुमच्या हत्तीला घेऊन या."

सिरसाळ्याला शेठजी वाटच बघत होते. आपण पायरी चढण्याआधीच त्यांनी विचारलं, "दिसला का?" सामन्याचं नाही, नंबराचं नाही. तुम्ही म्हणालात, "सगळ्या पुन्यानं पाहिला." शेठजी मटकन गादीवर बसले, डोळे पुसले आणि आत ओरडून सांगितलं, पुढल्या सालाचे गडी आत्ताच सांगून ठेवा. त्या वेळी मला कळलं की आता कुणाच्या बागेत, कुणाच्या पायरीवर उभं राहायचं नाही. तुमच्या अंगरख्याची घडी आता कशी घातली जाईल याची मला काळजी उरली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर भावानं ज्वारीची रास दाखवली. म्हणाला, "गडी चांगले व्हते बे. बोलत न्हाईत, काम करत्यात." हे त्याचं कौतुक.

पुढं तुम्ही असेपर्यंत आपण दरसाल गेलो. मग मानमोडीच्या तापाची साथ आली आणि आठवड्यात तुम्ही आणि अम्मा दोघंही गेलात. मी तुमच्या मातीला खांदा दिला. मशिदीतल्या लोकांनी अडवलं नाही. शेठजी गाडी करून आले, घाम पुसत, एकही शब्द न बोलता बसून राहिले. त्या माणसाला गप्प बसलेलं मी तेवढंच पाहिलं.

तुमच्यामागंही मी बरीच वर्षं खेळलो. चाळिशी उलटल्यावर एका फाल्गुनात गेलो नाही. लोक विचारायला आले, मी तोंड पाडून म्हणालो, काय करणार, अंग ऐकत नाही. सगळ्यांनी हळहळ केली. आजही करतात. हा कागद मी कुठं पाठवणार, कपाटात घडी करून ठेवीन. म्हणून तुम्हाला सांगून टाकतो, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी मला वाईट वाटलं नव्हतं, वस्ताद. अंग अगदी ठीक होतं; माझं खेळून संपलं होतं, एवढंच. मी उशिरा उठलो, पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली, ओसरीवर उन्हात पाय लांब करून बसलो, आणि मला फार छान वाटलं.